निळीच्या खोलीचं दार

सरगूर सोडलं त्या सकाळी आई चिंचेच्या कोळाने माझे हात घासत होती. कोपरापर्यंत चढलेली नीळ काही उतरेना. बाहेर बैलगाडी जुंपून तयार, गाडीवान खोकून घाई सुचवतोय, आणि आई घासतेच आहे. शेवटी पदराला माझे हात पुसून ती म्हणाली, "म्हैसूरला कोणी विचारलं तर सांग, रंगाऱ्याचा मुलगा आहे. दुसरं काही सांगू नको." गोपाळा, तू तेव्हा ओट्यावर बसून गूळ खात होतास. थोरला भाऊ शहरात निघाला म्हणून तुला माझा हेवा वाटत होता. मला मात्र वाटत होतं, आईने मला घराबाहेर काढलं.

आपल्याकडे निळीचा रांजण लावला की खोलीचं दार बंद. बाईमाणसाने आत डोकावायचं नाही, बाहेरून हाक मारायची नाही. नीळ रुसते, रंग धरत नाही. आत फक्त काका, आणि ढवळायला घरातलं एक पोर. बाबा गेल्यावर घर काकांच्याच हातावर चालत होतं, आणि ते पोर मी होतो. त्या बंद दाराआड काका माझ्या अंगाशी नको ते चाळे करत. हे एक वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं. मी रडायचो तेव्हा दाराखालच्या फटीतून आईची पावलं दिसायची. थबकायची आणि परत जायची. नीळ बिघडली तर सगळ्यांच्याच पोटावर पाय, असं तिला वाटत असावं. रडण्याचं खरं कारण कळलं तेव्हा तिने मला गाडीत बसवलं. तिच्या हातात तेवढंच होतं.

म्हैसूरला लष्कर मोहल्ल्यातल्या ज्या बोर्डिंगात मी राहिलो, तिथे राधक्का स्वयंपाक करायची. जुन्या पलटणीतल्या मराठ्याची विधवा, तोंडाने फटकळ. कोणी दार लोटलं की मला घाम फुटायचा. तिने कधी खोदून विचारलं नाही. "दार नको तर नको, बिडु, सोड. मी हितंच बसते," म्हणाली, आणि रोज दुपारी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसू लागली. पुष्कळ महिन्यांनी मी तिला सगळं सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला. "ह्यात तुझा तप्पु, तुझा दोष काय नाही रे," ती म्हणाली. "सगळा त्या माणसाचा."

आता ते बोर्डिंग मी चालवतो. एकाही खोलीला आतून कडी नाही. मास्तर असो की देणगी देणारा सावकार, पोराला एकटं घेऊन दार लावायचं नाही. बिनकडीचं बोर्डिंग म्हणून लोक थट्टा करतात. करू देत. दाराला बिचकणारी पोरं मला चटकन ओळखू येतात. त्यांच्याजवळ मी सूप घेऊन बसतो. असला मिशाळ बाप्या तांदूळ निवडताना बघून ती आधी हसतात, मग कधीतरी बोलतात.

पण एक गोष्ट माझी पाठ सोडत नाही. मी गाडीत बसलो, आणि रांजणाशी माझी जागा रिकामी राहिली नाही. पुढच्या दसऱ्याला गावी आलो तेव्हा तुझे हात कोपरापर्यंत निळे होते. तू डोळे वर केले नाहीस. मीही काही बोललो नाही. आईचं 'दुसरं काही सांगू नको' माझ्या जिभेवर बसलं होतं. आजही दसऱ्याला म्हैसूरचा राजवाडा दिव्यांनी उजळला की लोक माना वर करून बघतात, आणि मला त्या उजेडात ते दोन लहान हात दिसतात.

परवा तू आलास. बाजारात परदेशी पुडीचा रंग आला, काका म्हातारे झाले, तरी त्यांचा निळीचा हट्ट सुटला नव्हता, आणि ढवळायला त्यांनी तुझा बाळू मागितला होता. तू त्याला माझ्यासमोर उभं केलंस. "दादा, ह्याला हितं ठेव. ह्याला नीळ नको." मी खाली बसून त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले. कोरे होते. नखांतसुद्धा नीळ नव्हती. तू भिंतीकडे तोंड करून रडलास, आणि मी काही न विचारता तुझ्या पाठीवर हात ठेवला.

सरगूरला घर म्हणावं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. बाळू मात्र इथे गाढ झोपतो. आता तूही ये, गोपाळा. राधक्का राहिली नाही, पण तिच्या उंबऱ्यात दोघांना पुरेल एवढी जागा आहे, आणि निवडायला तांदूळही पुष्कळ आहेत.