राक्षसाची नवी आवृत्ती

रविवारी आम्ही राजारामपुरीत एकेक पात्र घेऊन, फासे टाकून काल्पनिक जगाचा खेळ खेळतो. एकदा कागल एमआयडीसीतून पाळी संपवून एक लेथवाला आला. त्याने राक्षसाचं पात्र घेतलं. दर फाशाआधी तो तेलकट बोटं रुमालाला पुसायचा.

खेळ मी चालवत होतो. नियमांच्या जुन्या पुस्तकातून वाचलं, "राक्षस जन्मतः दुष्ट. त्यांना शहरात प्रवेश नाही."

"नव्या आवृत्तीत ही ओळ काढलीया की," तो म्हणाला.

"मजा जुन्यातच आहे."

"पावणं, लिवणाऱ्यानं खोडलं, तुमी कशाला धरून बसलाय?"

जातिअंताची पत्रकं वाटणारा मी, ही ओळ कित्येक रविवार खड्या आवाजात वाचत होतो.

"बरं, राक्षसाला आत सोडतो."

"तुमी कोण सोडणार? त्यो चाललाय की आत," म्हणत त्याने बोटं पुसली आणि फासा टाकला.