बारीक घोंगडी

मैत्रिणींनो, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की व्यापाराचा सल्ला देणाऱ्या साहेबांनी आत्याचा घोंगड्यांचा धंदा बुडवला. ते खोटं आहे. त्यांच्या उर्दू चिठ्ठीत "बारीक बुनो" होतं, म्हणजे सूत बारीक घेऊन विणा. मी आत्याला वाचून सांगितलं, "लहान विणा."

आज तलवाड्याच्या बाजारात एका शेतकऱ्याने आमची घोंगडी पांघरून पाहिली. "आक्के, डोकं झाकू का पाय?" सगळे हसले.

साहेब तिथेच होते. चिठ्ठीचा खरा अर्थ सांगून म्हणाले, "सल्ला घ्यायला यापुढे घरातला पुरुष पाठवा."

आत्या म्हणाली, "चूक हिची हाय, तर हीच निस्तरंल. सल्ला बी हीच घेईल."

मी मान खाली घातली नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारायला साहेबांच्या बीडच्या कचेरीत मीच जाणार. शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी, कचेरी बंद, म्हणून येत्या शनिवारी.