आमच्याकडे असलं काही नाही

काकांना घराण्याच्या रक्ताचा भारी अभिमान. गंगापूर रोडच्या त्यांच्या बंगल्यात पाहुणा टेकला, की चहाआधी तेच पुराण. आमच्यात कुणाला साखर नाही, कुणाला टक्कल नाही. सांगताना त्यांची स्वतःची टाळू चकाकत असायची.

माझ्या धाकट्या बहिणीला चाळिशीच्या आतच स्तनाचा कॅन्सर झाला. काका दवाखान्यात सफरचंदं घेऊन आले आणि निवाडाही घेऊन आले. तिच्या उशाशी उभं राहून आईला म्हणाले, "वहिनी, हे तुमच्या माहेरचं. आमच्याकडे असलं काही नाही."

आई सफरचंद कापायला बसली. बाबांनी तिला सुरी शोधून दिली. सातपूरच्या कारखान्यात ते जन्मभर मशीनपुढे उभे राहिले. धाकट्या भावापुढे कधीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी बहिणीचा डीएनए तपासायला लावला. एका जनुकात बदल सापडला. "डीएनएची मोडतोड रोज होत असते. ती दुरुस्त करायला मदत करणारं हे जनुक," त्यांनी सांगितलं. "तेच बिघडलं की कॅन्सरचा धोका वाढतो. होतोच असं नाही."

"हे आईकडून येतं?" मी विचारलं.

"आईकडून किंवा वडिलांकडून. दोघांचंही रक्त बघू."

आईत तो बदल नव्हता. बाबांत होता. मग आमची आत्या आठवली. पोटात पाणी होऊन तरुणपणीच गेली होती. सासरच्या छळानं गेली, असं काका सांगत आले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंडाशयाचा कॅन्सर असू शकेल, तोही ह्याच बदलानं होऊ शकतो.

मी काकांकडे गेले. "बाबांत तो बदल निघालाय. तुमच्यातही असू शकतो. मग तुमच्या दोन्ही मुलींनाही धोका आहे. तपासून घ्या."

"हळू बोल!" ते दाराकडे बघत म्हणाले. "माझ्या धाकटीचं लग्न जमवतोय. बाहेर कळलं तर कोण करेल?"

धाकटीची पत्रिका त्यांनी गावभरच्या ज्योतिषांपुढे नाचवली होती. रक्त द्यायचं म्हटल्यावर मात्र हे शूरवीर सुईच्या भीतीनं उठून आतल्या खोलीत गेले.

त्यांची थोरली मुलगी गुपचूप माझ्याबरोबर आली. तिच्यात बदल निघाला नाही. आनंदाच्या भरात तिनं घरी सांगून टाकलं. पुढच्याच रविवारी काका आमच्या घरी, दोन्ही मुलींना घेऊन, पेढे वाटायला हजर! "थोरली एकदम स्वच्छ! मी म्हणतच होतो, वहिनी."

आईनं पेढा ताटलीत परत ठेवला. "भाऊजी, तो तुमच्या सख्ख्या भावात आहे. थोरलीत नाही म्हणून तुमच्यात नाही, असं होत नाही. तुम्हाला सुईची भीती वाटते, आणि बोल माझ्या माहेराला लावता?"

काका बाबांकडे बघू लागले. बाबा पहिल्यांदाच म्हणाले, "बरोबर बोलतेय ती."

धाकटीनं मला विचारलं, "ताई, कुठे करतात ही तपासणी?"

तिच्यात तो बदल निघाला, म्हणजे काकांकडूनच आलेला. आता ती वेळच्या वेळी तपासण्या करते. लग्न ठरलं त्या मुलाला तिनं स्वतःच सगळं सांगितलं, आणि पुढच्या खेपेला तोच तिला दवाखान्यात घेऊन गेला. काका मात्र लोकांना सांगतात, पोरीला जरा ॲसिडिटी आहे.