कॅलेंडरवरचे लाल बाण

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी बाई तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसाला चारशे सदरे तिच्या हाताखालून जातात. तिथला दंडक असा की, सदरा नुसता ‘वाईट’ म्हणून बाजूला टाकायचा नाही. जिथे टाका सुटला असेल, नेमका तिथे लाल बाण चिकटवायचा. हा दंडक दवाखान्यांनाही लागू असता, तर पुढचे लिहिण्याची वेळ आली नसती.

तिची मुलगी चार वर्षांची. तोंडाला क्षणभर विसावा नसे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. वर्षात तीनदा झटके आले, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी औषध सुरू केले. झटके थांबले, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण आठवड्याच्या आत टकळीचे बोलणेही थांबले. ती चावू लागली, ताट भिरकावू लागली, तासतासभर रडू लागली. आणि रडून दमली की आपणच चावलेल्या आईच्या हातावर फुंकर घालू लागली.

बालवाडीच्या बाईंनी वहीत शेरा लिहिला, ‘मुलीला वळण नाही’. सत्र संपेपर्यंत सुधारणा झाली नाही तर नाव काढावे लागेल, असा निरोपही दिला. सासूबाईंचे म्हणणे, आग लागो त्या औषधाला, बंद कर. ते तिने ऐकले नाही. औषध एकाएकी तोडले तर झटके उसळतात, हे तिला ठाऊक होते. डॉक्टरांना मात्र तिने तीन खेपांना सगळे सांगितले. तिन्ही खेपांना उत्तर एकच: मुले हट्ट करतातच, तुम्ही लाड कमी करा.

मग तिने कारखान्यातले बाण मागून आणले. ज्या दिवशी चावा, आदळआपट वा रडारड होई, कॅलेंडरवर त्या तारखेला बाण, शेजारी वेळ. औषधाचा पहिला दिवस शाईने वर्तुळात. त्याआधीच्या दोन महिन्यांसाठी बालवाडीची वही होतीच. तीत एकच तक्रार होती: ‘फार बोलते.’

चौथ्या खेपेला टकळीला सांभाळायला मी सोबत गेलो. डॉक्टर नेहमीप्रमाणे लिहीत होते. तिने कॅलेंडर थेट त्यांच्या कागदावर ठेवले. त्यांनी एक पान उलटले, मग दुसरे.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तीनदा सांगितलं,” ती म्हणाली. “तिन्ही वेळा तुम्ही खाली बघून लिहीत होता. आमच्याकडे असे सदरे तपासले, तर संध्याकाळी घरी बसवतात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. जुने औषध पायरीपायरीने कमी करून नवे सुरू करायचे ठरले. सहा आठवड्यांत जिन्यावरून पुन्हा अखंड बडबड ऐकू येऊ लागली.

सत्राच्या शेवटच्या दिवशी बालवाडीच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “बघा, लागलं की नाही वळण?”

तिने पर्स उघडली, वही मागून घेतली, आणि ‘मुलीला वळण नाही’ या शेऱ्यावर एक लाल बाण चिकटवला.