कोऱ्या कानांचा निवेदक

पैलवानाचं प्रमाणपत्र त्याच्या कानावर असतं. तालमीत वर्षानुवर्षं डोक्याला डोकं घासून कान मोडतो, सुजतो आणि शेवटी थंड भज्यासारखा वाळून बसतो. असा माणूस कुस्तीबद्दल काहीही बोलला तरी गाव मान डोलावतं. आष्ट्याच्या मोहिद्दीन मास्तरांचे कान मात्र बावन्नाव्या वर्षीही नव्या बशीसारखे कोरे करकरीत होते. लहानपणी ते तीन दिवस तालमीत गेले. चौथ्या दिवशी ताप भरला, तो घरच्यांनी तालमीचं नाव काढायचं बंद केल्यावरच उतरला.

मास्तर म्हणजे शिंपी. पण लंगोट शिवावा तर त्यांनीच. आटपाडी-जतपासून पैलवान माप द्यायला यायचे, आणि टेप कमरेभोवती फिरेपर्यंत मास्तरांना खुराकापासून सोयरिकीपर्यंत सगळं कळायचं. मशीन सुरू झालं की तोंडही सुरू. फोनवर कुस्ती लावायची, तिचा आवाज बंद करायचा आणि निवेदन स्वतः करायचं.

"आवं, गिऱ्हाईक हुबं हाय," त्यांची बायको हाजराबी म्हणायची. "तुमी कुनाला चीत करताय?"

एकदा ते गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गावच्या जत्रा कमिटीचे लालासाहेब निघाले. नातवाचा लंगोट न्यायला आलेला माणूस दारातच दहा मिनिटं ऐकत राहिला. त्यांच्या मैदानाला निवेदक मिळत नव्हता. एकाच दिवशी पाच गावांच्या जत्रा, आवाजवाले सगळे आधीच ठरलेले.

"मास्तर, रविवारी माईक तुमी धरायचा."

"लालासाब, मी तीन दिसांवर मातीला पाय लावला न्हाई!"

"पाय कोन लाव म्हनतंय? तोंड लावा."

बातमी चहाच्या गाड्यावर पोचली. तिथं गावच्या तालमीचे अमृत वस्ताद बसलेले. दोन्ही कान मोडलेले, म्हणजे डबल पदवीधर. "मोहिद्दीन, हिकडं ये. कान दाव." त्यांनी मास्तरांचा कान चिमटीत धरून उजेडाकडं फिरवला. "आरं, ह्याचं तर अजून पॅकिंग बी फोडल्यालं न्हाई! ह्यो आमाला कुस्ती सांगनार?"

गाडा खदाखदा हसला. मास्तरही हसले, पण घरी आले ते फोन हातात घेऊनच. "नकु म्हनून कळवतो. वस्तादाचं काय खोटं हाय?"

"कळवा," हाजराबी भाकरी थापता थापता म्हणाली. "पन मग मशीनवर बी गप बसायचं. तीस वरसं मी एकलीनं ऐकलंय. गावाला एक दिस ऐकाय काय झालं?"

मास्तरांनी फोन खिशात टाकला. "बरं. पन रविवारी न्हाई जमलं, तर ह्या जन्मात पुन्यांदा कुस्तीवर बोलायचं न्हाई."

"बघा हां," ती म्हणाली. ते एवढं ताणलेलं तिलाही नको होतं.

आठवडाभर मास्तर मापांच्या वहीत पैलवानांची माहिती लिहीत बसले. रविवारी मैदान गच्च भरलं, हलगी कडाडली, हातात माईक आला आणि पाठ केलेलं सगळं पसार झालं. समोर जतचा नानासो उभा. मास्तरांच्या तोंडातून जे निघालं ते असं: "नानासो पैलवान... कंबर चौतीस... मांडी सव्वीस..."

मैदान हसून फुटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, लंगोटाला खिसा बी काढा की!"

माईक खाली ठेवावा असं एकदा वाटलं. पण ठेवला असता तर कायमचाच. मास्तरांनी घट्ट धरला. "मंडळी, मापानंच सांगतो. ही मांडी जिमच्या मशीनवर कमावल्याली न्हाई. नानासोचं घर मेंढक्याचं. बापामागं मेंढरं घेऊन हा गडी जतपासनं कृष्णाकाठापातूर चालत यायचा. आन् समोर आटपाडीचा शिवतेज. गेल्या साली डेंगीनं ह्याचा लंगोट तीन इंच आवळावा लागला. औंदा परत ढिला करून न्हेलाय!"

मैदानात शिट्ट्या वाजल्या. आता दोन पैलवान लढत नव्हते, दोन ओळखीची पोरं लढत होती. वीस मिनिटं नुसती खडाखडी, डाव न लागता झोंबाझोंबी चालली, पण एक माणूस जागचा हलला नाही.

इतक्यात नानासोनं शिवतेजला खांद्यावर उचललं. "ढाऽऽक!" मास्तर डावाचं नाव गरजले.

"ढाक न्हवं रं!" पहिल्या रांगेतून अमृत वस्ताद उठले. "कलाजंग हाय त्यो!"

खांद्यावरचा शिवतेज हातापाय मारत होता आणि मैदान मास्तरांकडं बघत होतं. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला.

"वस्तादांचं बरोबर, माझं चुकलं. कलाजंग, मंडळी, कलाजंग! डाव वस्तादांनी वळकावा, मानूस मी सांगतो."

नानासोनं शिवतेजला चीत केलं. त्यानंतर अकरा कुस्त्या झाल्या. वस्ताद पहिल्या रांगेतून डाव ओरडत राहिले, मास्तर माईकवरून माणसं सांगत राहिले. शेवटच्या जोडीला मास्तरांचा आवाज चिरकला होता, पण माईक त्यांच्याच हातात होता.

सोमवारी पहाटे पाच वाजता अमृत वस्तादांनी तालमीचं दार उघडलं तर बाहेर मोहिद्दीन मास्तर वही घेऊन उभे.

"काय रं?"

"डाव शिकायचाय."

"ह्या वयात? आरं, हाडं मोडतील!"

"अंगानं न्हाई वस्ताद, डोळ्यानं. पुढच्या महिन्यात दोन गावची मैदानं घेतल्याती. प्रत्येक टायमाला तुमी पहिल्या रांगेत कुठनं गावनार?"

वस्तादांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. मग कोपऱ्यातलं खोरं उचलून त्यांच्या हातात दिलं.

"वही ठेव तिकडं. आदी माती उकर."

मास्तरांनी चष्मा काढून वहीवर ठेवला, विजारीचे पाय दुमडून वर केले आणि बावन्न वर्षांत पहिल्यांदा आपणहून लाल मातीत उतरले.