बापाचा जबाब

मी पोलीस ठाण्याचा प्रभारी असतानाची ती घटना तशी किरकोळ, पण आजही मनातून जात नाही. मालगुंडकडच्या उतारावर एका कारने रिक्षाला मागून धडक दिली. रिक्षावाल्याचा खांदा दुखावला. कार कोण चालवत होतं, ते त्याला दिसलं नव्हतं. कारचा विमा संपलेला. मालक बोटीवर नोकरीला, तेव्हा सुट्टीवर घरी आलेला. तो समुद्रावर असताना गाडी अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली. विम्याची आठवण कोणाला राहणार? आमच्या भागातलं हे नेहमीचं दुखणं.

"गाडी मीच चालवत व्हतो," मालकाच्या वडिलांनी ठाण्यात सांगितलं. मुलगा मान खाली घालून उभा. दारात रिक्षावाले जमून आवाज चढवत होते. ठाणे अंमलदार जबाब लिहायला बसला, तेवढ्यात फोन आला, मी उचलला. उताराच्या वळणावरच्या घरातून बोलतेय म्हणाली एक बाई, नाव सांगेना.

"सायेब, म्हातारा बाजूला बसलेला. गाडी पोरगा चालवीत व्हता." फोन बंद.

मी जबाब थांबवला आणि म्हाताऱ्याला आवारातल्या कारकडे नेलं.

"काका, बसा. क्लच दाबून दाखवा."

धडकेनंतर टोचन लावून आणलेल्या कारला आत कोणी हात लावला नव्हता. सीट मुलासारख्या उंच माणसाच्या बेताने मागे सरकवलेली आणि म्हातारा बुटका. त्याने स्टिअरिंग घट्ट धरून पाय ताणला. अंगठाही टेकेना. घामाघूम झाला बिचारा. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

"सायेब, पुढल्या आठवड्यात तेला बोटीवर चढायचाय. केस झाली तर नोकरी जाईल. माझा काय व्हायचा तो होव दे."

"खोटा जबाब दिलात तर दोघेही अडकाल. आणि त्या रिक्षावाल्याचं औषधपाणी कोण बघणार?"

"बाबा, उतरा खाली," मागून मुलगा म्हणाला. "सायेब, गाडी मी चालवत होतो."

गुन्हा मुलावर नोंदवला. रिक्षावाल्याच्या उपचारांचं सगळं त्यानेच पाहिलं. ती बोट मात्र हुकली. दुसरी मिळायला बरेच महिने गेले.

निघताना म्हातारा पायरीवर थांबला. "तुमाला पोरं हायत ना? तुमी काय केला असता?"

"कदाचित हेच," मी म्हणालो. "पण कोणी वेळीच अडवलं असतं, तर नंतर त्याचे आभार मानले असते."

त्याने आभार मानले नाहीत. मला तशी अपेक्षाही नव्हती. अट्टल चोराचं खोटं पकडताना माझा हात कधी जड झाला नाही. त्या दिवशी झाला, आणि तरीही गुन्हा नोंदवावाच लागला.