नव्वद डिग्री आणि मेथीची भाजी

साहेब रिपोर्टवर सही करायला पेन उघडून बसले होते. मी म्हटलं, "थांबा."

हडपसरच्या एका केमिकल कंपनीत मी लॅब अटेंडंट आहे. शिक्षण सातवी. नवी पावडर दुसऱ्या दिवशी ड्रायरमध्ये ऐंशी डिग्रीवर सुकवायची होती. काही पावडरी तापवल्या की आतून स्वतःच गरम व्हायला लागतात. मग कोणाचं ऐकत नाहीत, फुटतात. म्हणून आधी वाटीभर पावडर ओव्हनमध्ये नव्वदवर सात दिवस ठेवायची. तिच्या पोटात तापमान मोजणारी वायर खुपसायची. पावडर ओव्हनपेक्षा फार गरम झाली नाही, की पास. याला साहेबलोक थर्मल स्टॅबिलिटी म्हणतात.

पावडर पास झाली होती. पण ग्राफवर रोज दुपारी एकला खड्डा.

"व्होल्टेज हो, काका," साहेब म्हणाले.

"रविवारी खड्डा नाही. व्होल्टेजला साप्ताहिक सुट्टी असते का? आणि रविवारीच पावडर दोन डिग्री वर गेलीय बघा."

"मग काय आहे ते?"

"मेथीची भाजी. तुमची."

टेस्ट करणाऱ्या मयूरी मॅडम खाली बघायला लागल्या. त्यांचाही डबा असायचा. आमच्या लॅबची रीतच तशी. एकला दार उघडायचं, सगळ्यांचे गार डबे वरच्या कप्प्यात. अर्ध्या तासाने परत दार उघडायचं. पावडर तापायला लागली की आम्हीच तिला वारा घालत होतो. केमिकलशेजारी पोळ्या ठेवतो, ते वेगळंच.

माझाही डबा त्यात असायचा, खोटं कशाला बोलू? आमची ही तीन महिन्यांपूर्वी गेली. आता डबा नाही. कँटीनचं घशाखाली उतरत नाही. एकला मी ओव्हनसमोर स्टुलावर नुसता बसतो. म्हणून दिसलं. नाहीतर मीही भाजी गरम झाली का, एवढंच बघितलं असतं.

"काका, कस्टमर माल मागतोय," साहेब म्हणाले.

"मग तुम्ही उभे राहा ड्रायरजवळ. ड्रायर चालवणाऱ्या सोपानला सुट्टी द्या."

साहेबांनी पेन बंद केलं. नवं सॅम्पल लावून ओव्हनला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात. सगळे गार जेवले. सगळ्यात जास्त तोंड साहेबांचं वाकडं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वायर त्र्याण्णव दाखवायला लागली. मग सत्त्याण्णव. मयूरी मॅडमनी हीटर बंद केला, तरी आकडा चढतच राहिला. आत फट्‌ आवाज झाला. गार झाल्यावर उघडलं तर पांढऱ्या पावडरीचं काळं डांबर, आणि वाटीचं झाकण कोपऱ्यात. ड्रायरमध्ये चारशे किलो जाणार होती.

डब्यांसाठी आता वेगळा ओव्हन आलाय. ग्राफ सरळ आला नाही, तर व्होल्टेजला शिव्या देण्याआधी कोण कुठे जेवलं ते विचारावं.

पावडर आता व्हॅक्यूम लावून पन्नासवर सुकवतात. वेळ दुप्पट लागतो. सोपान रोज येऊन माझ्या नावाने कुरकुरतो. कुरकुरू दे. कुरकुरायला आहे, एवढं पुष्कळ.